गावरस्त्याच्या सुरक्षिततेचा पैसा : कोठून येतो, कसा मागावा



हंगाम तोंडावर आला की कारखान्याच्या कार्यालयात रस्त्याचे अर्ज येऊ लागतात. अर्जाची भाषा ठरलेली. "आमच्या गावचा रस्ता फार खराब झाला असून ऊस वाहतुकीस अडचण होते, तरी कारखान्याने रस्ता करून द्यावा ही विनंती." खाली पंधरा-वीस सह्या, दोन-चार अंगठे. अर्ज खरा असतो, अडचणही खरी असते. पण तो ज्या टेबलावर जायला पाहिजे तिथं जात नाही, आणि ज्या शब्दांत मागणी व्हायला पाहिजे त्या शब्दांत ती होत नाही. शिवाय आमच्या पाहण्यात आलेल्या अर्जांत गाडी फसते, टायर फुटतात, खेप उशिरा पोहोचते हे सगळं असतं. या वळणावर माणूस मरेल, असं लिहिलेला अर्ज क्वचित. म्हणून या अंकात आम्ही रस्त्याच्या पैशाचा हिशोब मांडत आहोत. तोही सबंध रस्त्याचा नव्हे, तर रस्त्यावर माणूस दगावू नये म्हणून जो खर्च लागतो त्याचा.

आधी एक आकडा पाहू. केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. आपला सर्वसाधारण समज असा की माणसं मरतात ती मोठ्या हमरस्त्यावर. प्रत्यक्षात या मृत्यूंपैकी ३६.२ टक्के राष्ट्रीय महामार्गांवर, २४.३ टक्के राज्यमार्गांवर, आणि ३९.४ टक्के 'इतर रस्त्यांवर' झाले. इतर रस्ते म्हणजे जिल्हा मार्ग, गावरस्ते आणि शहरांतले रस्ते. म्हणजे सर्वांत मोठा वाटा त्या रस्त्यांचा, ज्यांवर टोलनाका नाही, गस्तीची गाडी नाही आणि बहुतेक ठिकाणी रात्री दिवाही नाही. आपला ऊस शेतातून निघून गव्हाणीपर्यंत येतो तो याच रस्त्यांनी.

रस्ता कोणाचा?

पैसा मागायच्या आधी मालक कोण ते कळलं पाहिजे. १९४३ साली नागपूरला देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिथं रस्त्यांची प्रतवारी ठरली. त्याच प्रतवारीवर आजही कारभार चालतो : राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. महाराष्ट्रात राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहेत. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे आहेत. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. शेतात जाणारी पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट यांचा ठावठिकाणा गाव नकाशात व महसूल दप्तरात असतो. तिथं कोणी बांध घालून अडवणूक केली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली, आणि बांधावरून नवी वाट पाहिजे असेल तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, तहसीलदाराकडे जावं लागतं. तिथं बांधकाम खात्याच्या साहेबाकडे हेलपाटे घालून उपयोग नाही.

प्रत्येक रस्त्याला क्रमांक असतो. ग्रा.मा. अमुक, इ.जि.मा. तमुक. हे क्रमांक राज्याच्या रस्ते विकास योजनेत पडतात. १९८१-२००१ ची एक योजना झाली, त्यानंतर २००१-२०२१ ची झाली. ज्या रस्त्याला क्रमांक नाही, तो खात्याच्या दृष्टीनं रस्ताच नाही, मग त्यावरून रोज शंभर बैलगाड्या जावोत. आमच्या अनुभवानं सांगतो, निम्म्या अर्जांचं घोडं इथंच अडतं. "वरच्या वस्तीचा रस्ता" असं लिहून दिलेला अर्ज उपअभियंत्याच्या टेबलावर पडून राहतो, कारण त्या नावाचा रस्ता त्यांच्या नोंदवहीत नसतो. क्रमांक नसेल तर पहिली मागणी डांबराची करायची नाही. पहिली मागणी रस्ता योजनेत घेण्याची करायची, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडायचा.

तसंच दर्जोन्नतीचं. ग्रामीण मार्गावरची वाहतूक वाढली की तो इतर जिल्हा मार्ग व्हावा, पुढे प्रमुख जिल्हा मार्ग व्हावा अशी मागणी करता येते. प्रमुख जिल्हा मार्ग झाला की रस्ता जिल्हा परिषदेकडून बांधकाम विभागाकडे जातो. मात्र या हस्तांतराच्या काळात एक गंमत होते. जिल्हा परिषद म्हणते आता तो आमचा नाही, आणि बांधकाम विभाग म्हणतो अजून ताब्यात आला नाही. मधल्या काळात खड्डा दोघांचाही नसतो. अशा वेळी दर्जोन्नतीचा शासन निर्णय झाला आहे का आणि प्रत्यक्ष ताबा केव्हा दिला, या दोन तारखा लेखी मागून घ्याव्यात.

पैशाचा उगम

इंधनावर कर घेऊन त्यातून रस्ते करावेत ही कल्पना जुनी आहे. १९२७ साली डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीनं १९२८ साली अहवाल दिला, आणि १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. स्वातंत्र्यानंतरही निधी चालू राहिला. २००० साली त्यासाठी वेगळा कायदा झाला, आणि त्यात डिझेलवरच्या उपकरातला निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांसाठी ठेवला होता. २०१८ साली या निधीचं नाव केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी असं झालं आणि वाटपाची पद्धतही बदलली. सभासदांनी ध्यानात ठेवावं ते इतकंच की ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल भरताना आपण रस्त्याचा पैसा आधीच भरलेला असतो. त्यामुळं मागायला जाताना याचकासारखं उभं राहायचं कारण नाही.

आपल्याकडच्या पुष्कळ गावरस्त्यांचा जन्म मात्र निराळा आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमी योजनेत, जिला १९७७ साली कायद्याचं रूप मिळालं, हजारो हातांनी मातीकाम झालं. तो पैसा माणसं जगवण्यासाठी होता आणि त्यानं माणसं जगवली. रस्ता आखताना जुनी गाडीवाट धरली, कोणाची विहीर सोडली, कोणाचं आंब्याचं झाड सोडलं. त्यामुळं काटकोनात वळणं राहिली, मोऱ्या अरुंद राहिल्या. बैलगाडीच्या चालीला ते चालून गेलं. पुढे त्याच मातीवर मुरूम पडला, खडी पडली, डांबर पडलं. वळण मात्र होतं तिथंच राहिलं. हा मुद्दा पुढं पुन्हा येणार आहे.

आजचे मार्ग आता थोडक्यात पाहू. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागात २५० लोकवस्तीला बारमाही रस्ता, असा तिचा मूळ निकष. सुरुवातीला सगळा खर्च केंद्राचा होता. २०१५-१६ पासून आपल्यासारख्या राज्यांत केंद्र ६० व राज्य ४० असा वाटा आहे. २०१९ साली तिसरा टप्पा मंजूर झाला. त्यात बाजारपेठा, शाळा, दवाखाने यांना जोडणाऱ्या सव्वा लाख किलोमीटर रस्त्यांच्या सुधारणेचं उद्दिष्ट होतं. चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, २०२४-२५ ते २०२८-२९ या काळासाठी. या योजनेतला सगळ्यात कामाचा भाग आमच्या मते हा, की रस्ता पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात असते आणि ते करारातच लिहिलेलं असतं. रस्त्याच्या सुरुवातीला फलक असतो, त्यावर तारखा असतात. पाच वर्षांच्या आत साइडपट्टी खचली तर नव्या पैशाची वाट बघायची गरज नाही. ठेकेदाराकडून काम करून घ्यायचं असतं. किती सभासदांनी तो फलक उभं राहून वाचला आहे?

राज्याची मुख्यमंत्री ग्राम सडक योजना २०१५ सालची. तिच्यातल्या कामांसाठी आशियाई विकास बँकेनं २०१९ मध्ये २० कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ३४ जिल्ह्यांतल्या सुमारे २,१०० किलोमीटर ग्रामीण रस्त्यांसाठी. २०२१ साली शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. खासदारांना २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी ठरलेला आहे. आमदारांनाही वेगळा निधी असतो. ग्रामपंचायतींना पंधराव्या वित्त आयोगातून २०२१-२६ या काळासाठी जे पैसे आले, त्यांतले ६० टक्के पाणी व स्वच्छतेला बांधलेले होते आणि ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायची मुभा होती.

आणि सगळ्यात जवळचा मार्ग जिल्हा वार्षिक योजनेचा. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती ती ठरवते. तिथं रस्त्याचे दोन आकडे कानावर पडतात, ३०५४ आणि ५०५४. हे खर्चाच्या लेखाशीर्षांचे क्रमांक. ३०५४ महसुली, ५०५४ भांडवली. जिल्हा योजनेत ग्रामीण मार्गांची कामं साधारणपणे ३०५४ खाली आणि इतर जिल्हा मार्गांची ५०५४ खाली बसतात. तिसरा आकडा २५१५ हा ग्रामविकासाचा. गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामं लोकप्रतिनिधींच्या शिफारशीनं त्यातून होतात. पुढारी मंडळी भाषणात म्हणतात "पंचवीस-पंधरातून देतो", ते हेच.

गुळगुळीत म्हणजे सुरक्षित नव्हे

आता मूळ विषयाकडे येऊ. वर सांगितलेले पैसे बहुतांशी डांबर-खडीवर जातात. रस्ता झाला, रोलर फिरला, नारळ फुटला, आपण खूश. पण जुन्या गाडीवाटेच्या वळणांवर गुळगुळीत डांबर पडलं की काय होतं? काल ज्या वळणावर खड्ड्यांमुळं मोटारसायकल २० च्या वेगानं जात होती, ती आज ६० च्या वेगानं जाते. वळण तेच. मोरी तीच, कठडा नसलेली. रस्ता सुधारला आणि धोका वाढला, असं विपरीत घडू शकतं. हा रस्त्याचा दोष नव्हे, अंदाजपत्रकाचा दोष आहे. अंदाजपत्रकात डांबराच्या बरोबर सुरक्षिततेच्या बाबी धरल्या असत्या तर असं झालं नसतं.

थोडं गणित करू. ग्रामीण मार्गाचा डांबरी पट्टा साधारण ३.७५ मीटर रुंद असतो, कमी वाहतुकीला ३ मीटरसुद्धा. दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या धरून सपाटीवर एकूण रुंदी ७.५ मीटर असावी, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे १.९ मीटर साइडपट्टी. उसाची ट्रॉली अडीच मीटरच्या आसपास रुंद, बाहेर आलेले वाढे वेगळेच. दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या तर पाच मीटर पाहिजेत. म्हणजे ३.७५ मीटरच्या डांबरावर कोणाला तरी खाली उतरावंच लागणार. साइडपट्टी ही शोभेची नाही. रस्त्याचा निम्मा भाग तोच आहे. प्रत्यक्षात दर काही वर्षांनी डांबराचा थर चढतो, साइडपट्टीला मुरूम पडत नाही, आणि डांबराच्या कडेला वीतभर खोल पायरी तयार होते. ट्रॉलीला वाट देताना दुचाकीवाला त्या पायरीवरून घसरतो आणि मागच्या चाकाकडे पडतो. आपल्या भागातले हंगामातले किती अपघात या एकाच प्रकारचे, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं. मुरूम टाकून ती पायरी भरणं हे रस्त्याच्या कामांतलं सर्वांत स्वस्त काम आहे, आणि निधी कमी पडला की पहिली काट त्याच्यावरच बसते.

दुसरी गोष्ट, दिसण्याची. भारतीय रस्ते काँग्रेसची मानकं सांगतात की ताशी ४० किलोमीटर वेगाला चालकाला समोरचे ४५ मीटर मोकळे दिसले पाहिजेत, आणि ताशी ६० ला ८० मीटर. वेग दीडपट झाला तर थांबायला लागणारं अंतर पावणेदोन पटीहून जास्त होतं. वळणाच्या आतल्या अंगाला दहा-बारा फूट उंच ऊस उभा असेल तर २० मीटरही दिसत नाही. रात्रीच्या वेळी चाक निकामी होऊन मध्येच उभी राहिलेली ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि मागून साठच्या वेगानं येणारी मोटारसायकल. पुढचं सांगायला नको.

गतिरोधकाबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण अपघात झाला की गाव संतापानं दुसऱ्या दिवशी मुरूम-खडीचा उंचवटा घालून मोकळं होतं. भावना समजते. पण मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटीमीटर उंच असतो, कमानीसारखा. अलीकडे सूचनेचा फलक आणि अंगावर पांढरे पट्टे असतात. आपला घरगुती गतिरोधक दीड हात रुंद आणि गुडघ्याएवढा उंच. त्यावर रात्री दुचाकी उडते, गरोदर बाईला घेऊन जाणारी जीप आदळते, आणि भरल्या ट्रॉलीच्या पिनला असा झटका बसतो की ट्रॉली सुटून मागं येण्याची भीती. शाळेपुढं गतिरोधक जरूर मागावा, पण खात्याकडून, मापात आणि पट्ट्यांसह.

ब्लॅक स्पॉटचा निकष

सुरक्षिततेसाठी म्हणून जो वेगळा पैसा खर्च होतो, तो बव्हंशी 'ब्लॅक स्पॉट' पाहून होतो. मंत्रालयाची व्याख्या अशी : सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा तीन वर्षांत १० मृत्यू. ही व्याख्या राष्ट्रीय महामार्गांसाठी केलेली. गावरस्त्यावर वाहनं कमी, त्यामुळं एकाच मोरीवर तीन वर्षांत दहा माणसं मरत नाहीत. एक या मोरीवर, एक पुढच्या फाट्यावर, एक तिसऱ्या वळणावर, अशी विखरून मरतात. बेरीज मोठी, पण कोणतंच ठिकाण यादीत चढत नाही, आणि यादीत नाही म्हणून पैसा नाही. आमच्या मते हा निकषच गावरस्त्यांना लावण्याजोगा नाही. गावरस्त्यावर सबंध रस्ता धरून मोजलं पाहिजे, आणि अपघात होण्याची वाट न बघता कठडा नसलेली मोरी हीच धोक्याची खूण मानली पाहिजे. निकष बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे : नोंद.

गावात अपघात झाला की चार शहाणी माणसं बसतात आणि आपसात मिटवतात. दवाखान्याचा खर्च देतो, केस करू नका. दोन्ही घरं एकाच शिवारातली, भाऊबंदकी नको, हाही विचार असतो. पण मिटवलेला अपघात सरकारच्या दप्तरात घडलेलाच नसतो. २०२१ पासून पोलीस मोबाइलवरून अपघाताचं ठिकाण, रस्त्याचा प्रकार, वळण, पूल ही माहिती एका देशव्यापी नोंदप्रणालीत भरतात. ती मद्रासच्या आय.आय.टी.नं व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं तयार केली आहे. अभियंते तेच आकडे पाहतात. नोंद नसली की विम्याचा दावा तर बुडतोच, शिवाय त्या मोरीला कठडा मिळण्याचा मार्गही बंद होतो. इतकंच नव्हे, ५ मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू झाली आहे, तिच्यात मोटार अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची सोय आहे, रस्ता कोणताही असो. तिथंही पोलिसांची नोंद लागते. मिटवामिटवी करणाऱ्या मंडळींनी हा हिशोब एकदा करावा.

दुसरं हत्यार कायद्याचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आलं. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल यांची ठरलेली मानकं न पाळल्यामुळं मृत्यू वा अपंगत्व आलं तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम फार मोठी नाही. पण त्याच कलमात असं आहे की न्यायालयानं इतर बाबींबरोबर हेही पाहावं, की रस्ता धोक्याचा आहे हे त्या यंत्रणेला माहीत होतं का किंवा माहीत असायला हवं होतं का. म्हणून तोंडी सांगू नये. लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. शिक्का मारलेली पोच फाईलला लागली की ते काम "बघू" या सदरात राहत नाही.

अर्ज कोठे, केव्हा, कसा

सर्वोच्च न्यायालयानं ३० नोव्हेंबर २०१७ च्या निर्णयात प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असावी असे निर्देश दिले. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. पोलीस, परिवहन, बांधकाम, आरोग्य ही सगळी खाती तिथं एका टेबलाभोवती असतात. गावाच्या अर्जाची एक प्रत रस्त्याच्या मालकाला, एक या समितीला आणि एक पोलीस ठाण्याला द्यावी.

वेळेचं भान ठेवावं. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात, आणि जिल्हा वार्षिक योजनेचे आराखडे हिवाळ्यात आकार घेतात. नेमके तेव्हा आपण फडात असतो, टोळीच्या मागे, स्लिपबॉयच्या मागे. मार्चअखेर उरलेला पैसा वाटला जातो तेव्हा ज्याचं अंदाजपत्रक तयार, त्याचं काम होतं. म्हणून ठराव आणि अर्ज हंगामाच्या आधी द्यावा.

मजकुराचा नमुना असा :

"ग्रा.मा. क्र. ...., कि.मी. २/४०० ते २/६००. या २०० मीटरमध्ये काटकोनी वळण व त्यालगत मोरी आहे. मोरीला कठडा नाही. डांबराच्या कडेला साइडपट्टी एक फूट खचली आहे. वळणाचा फलक नाही. हंगामात नोव्हेंबर ते मार्च या मार्गाने दररोज सुमारे .... ट्रॅक्टर व .... बैलगाड्या जातात (कारखान्याच्या गट कार्यालयाचा दाखला सोबत). शाळेची .... मुले याच मार्गाने जातात. गेल्या तीन वर्षांत येथे झालेले अपघात : दिनांक ...., पोलीस ठाणे नोंद क्र. .... मागणी : १) मोरीस कठडे व दोन्ही टोकांस रिफ्लेक्टर, २) साइडपट्टीस मुरूम भरून दबाई, ३) वळणाचे दोन फलक, ४) सध्याच्या डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकात वरील बाबींचा समावेश."

कंसातला दाखला महत्त्वाचा आहे. ग्रामीण रस्त्याची जाडी वाहनांच्या मोजणीवरून ठरते, आणि हंगामातली वाढीव वाहतूक धरावी असं मानकांतच आहे. पण मोजणी जर जून महिन्यात झाली तर त्या रस्त्यावर मोटारसायकली आणि दुधाच्या गाड्याच दिसणार. वीस टनांच्या घरातला ऊस घेऊन जाणारी दोन ट्रॉल्यांची जोडी कागदावर येतच नाही, मग रस्ता तिच्यासाठी कसा होईल? ती मोजणी कारखान्याच्या दप्तरात आहे. कोणत्या गटातून कोणत्या रस्त्यानं किती खेपा आल्या हे वजनकाट्याची नोंद आणि गट कार्यालय सांगू शकतं. हा दाखला ग्रामपंचायतीनं मागून घ्यावा.

काम मंजूर झालं की पाठ फिरवू नये. अंदाजपत्रकाची प्रत २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मिळते. त्यात कठडे, फलक, पट्टे, साइडपट्टी या बाबी आहेत का ते पाहावं. आणि काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत त्या दाखवल्या असतील तर जागेवर आहेत का, हेही पाहावं. साहेब तुटक बोलतील, बोलू द्या.

बाकी काही गोष्टींना सरकारी पैसा लागतच नाही. वळणाच्या आतल्या कोपऱ्यातल्या चार-सहा सरी ऊस न लावता भुईमूग किंवा हरभरा करावा. नजर मोकळी होते. ट्रॉलीच्या मागं आणि बाजूंना रिफ्लेक्टर पट्टी असावी, बैलगाडीच्या मागच्या बाजूलाही. वाढ्याखाली पट्टी झाकली जाणार नाही इतकी खाली लावावी. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर ठेवावीच लागली तर मागं ५० पावलांवर दगड न ठेवता दिवा किंवा चमकणारा त्रिकोण ठेवावा. नंतर ते दगड तसेच राहतात आणि तोच पुढचा अपघात होतो.

आपल्या गावच्या रस्त्याचा क्रमांक ज्यांना माहीत नसेल त्यांनी पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात रस्त्यांची यादी पाहावी. वाहतुकीच्या दाखल्यासाठी सरपंच वा ग्रामसेवकांच्या पत्रासह गट कार्यालयात अर्ज करावा. पत्रात रस्त्याचा क्रमांक आणि कोणत्या हंगामाची माहिती पाहिजे, या दोन गोष्टी लिहाव्यात.